खरवडलेल्या लेबलाची तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे. काळी, एका कडेला किंचित वाकलेली आणि मधोमध टक्कल पडलेली. मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून मित्रांनो म्हणते. तुमच्यात मित्र किती आणि दिसेल त्या गोल वस्तूवर गरम कप ठेवणारे किती, हे मला ठाऊक नाही. आजवरचा अनुभव काही चांगला नाही. तेव्हा जरा लांब बसा, हात लावू नका आणि ऐका.

ही गोष्ट एका माणसाच्या पहिल्या अल्बमची आहे. तो हिप हॉप करतो. स्वतः गात नाही, वाद्यही वाजवत नाही. दुसऱ्यांच्या जुन्या तबकड्यांमधले तुकडे उचलतो, ते यंत्रात जोडून नवं संगीत रचतो, आणि कार्यक्रम असला की दोन टर्नटेबलांवर दोन तबकड्या ठेवून त्या हातानं पुढेमागे घासतो. त्या घासण्यातून निघणाऱ्या आवाजाला लोक टाळ्या वाजवतात. त्याला आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे, पण मी त्याला खरखऱ्या म्हणते. ज्यानं माझं नाव घालवलं, त्याचं नाव घ्यायला मी बांधलेली नाही.

आधी माझ्या जन्माबद्दल सांगते. तापवलेल्या काळ्या लगद्याचा एक गोळा, वरखाली दोन साचे आणि मध्ये कागदाची दोन गोल लेबलं. यंत्रानं एकदाच दाबलं आणि मी तयार झाले. ही लेबलं कुणी डिंकानं चिकटवत नाही, ती त्या दाबातच अंगात बसतात. माझ्या लेबलावर गाणाऱ्या बाईचं नाव ठळक अक्षरांत छापलेलं होतं. माझ्या अख्ख्या अंगावर वाचता येण्यासारखं तेवढंच होतं आणि मला त्याचा अभिमान होता. साचा करणाऱ्या कारागिरानं लेबलाच्या कडेला, जिथे गाणं संपल्यावर सुई नुसतीच फिरत राहते, एक बारीक आकडाही कोरला होता. त्याच्याकडे तेव्हा माझंही लक्ष नव्हतं.

माझ्या पहिल्या बाजूला एक ठसकेबाज गाणं होतं. दुसऱ्या बाजूला एक संथ गाणं होतं, आणि त्यात तिसऱ्या कडव्याच्या आधी एक विचित्र जागा होती. बाकीची वाद्यं गप्प व्हायची. फक्त ड्रम दोन फेऱ्या वाजत राहायचा आणि त्यावर बाई नुसतं 'हं... हं' करायची. मला वाटायचं, ही मुद्दाम केलेली सजावट आहे. या जागेमुळे पुढे माझे किती हाल होणार आहेत, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पहिली अकरा वर्षं मी एका नाच शिकवणाऱ्या बाईंकडे काढली. त्या रोज संध्याकाळी माझी पहिली बाजू लावायच्या आणि वीस मुली लाकडी जमिनीवर पाय आपटायच्या. त्या दणक्यानं सुई उडायची आणि बाई मुलींवर ओरडायच्या. मला मात्र कधी कुणी बोललं नाही. दुसरी बाजू सहसा कुणी लावतच नसे. मग कॅसेट आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. पुढे कपाटातून कुंडीखाली. होय, मित्रांनो, तीन वर्षं मी एका कुंडीखाली ताटली होऊन राहिले. मातीचं पाणी माझ्या कडेवरून गळायचं आणि घरातले म्हणायचे, ही ताटली छान बसली. शेवटी बाई गेल्या, घर आवरलं गेलं आणि मी भंगारवाल्याच्या दुकानात आले.

तिथे मला खरखऱ्यानं उचललं. गुडघे टेकून, मान वाकडी करून तो तासभर ढीग चाळत होता. सुरुवातीला त्यानं मला इतकं छान वागवलं की आज आठवलं तरी माझी मलाच चीड येते. मऊ फडकं घेतलं, कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकला आणि खोबणीच्या दिशेनं हळूहळू पुसलं. इतक्या वर्षांत असं कुणी पुसलं नव्हतं. मी पाघळले. मग त्यानं माझी दुसरी बाजू लावली. त्या विचित्र जागेशी सुई आली, तसा तो ताठ झाला. सुई उचलून मागे ठेवली आणि तेवढंच पुन्हा ऐकलं, एकदा नाही, चौदा वेळा. मला वाटलं, याला गाणं आवडलं. गाणं त्यानं ऐकलंच नव्हतं. तिसऱ्या कडव्यात काय आहे, हे पुढची सात वर्षं त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या लेबलावर लाल कागदाची एक चिकटपट्टी लावली, आपली जागा कुठे येते हे फिरत्या तबकडीवर पटकन दिसावं म्हणून. तेही मी सोसलं. मग एक दिवस त्याच्याच धंद्यातला एक माणूस घरी आला. त्याला सगळे नकल्या म्हणायचे, कारण दुसऱ्यानं शोधलेल्या तबकड्या हुडकून तो आधीच वाजवून मोकळा व्हायचा. नकल्या बोलता बोलता टर्नटेबलावर वाकला आणि माझं लेबल वाचायला लागला. खरखऱ्यानं मला झाकलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

या लोकांच्यात एक पद्धत आहे. आपली तबकडी कोणती, हे दुसऱ्याला कळू नये म्हणून लेबल भिजवून काढून टाकायचं. चांगले चांगले लोक हे करतात आणि वर फुशारकी मारतात. नकल्या गेल्यावर खरखऱ्यानं बादलीत गरम पाणी घेतलं, मला उभी धरून मधोमध भिजवलं आणि अंगठ्याच्या नखानं खरवडायला सुरुवात केली. दाबात बसलेला कागद सहज निघत नाही. तो लगद्यासारखा होऊन, तुकड्या-तुकड्यानं निघतो. बाईच्या नावाचं पहिलं अक्षर सगळ्यात शेवटी सुटलं. त्यानं ते मोरीत झटकलं.

"शोध म्हणावं आता," तो म्हणाला. तिथे मी सोडून कुणी नव्हतं. तेव्हापासून मी त्याचा राग करते.

नंतरची सात वर्षं काय सांगू. तो राहायचा आपल्या थोरल्या बहिणीच्या दुकानामागच्या खोलीत. तिचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढे ती काचा घासायची, मागे हा मला घासायचा. तिचं चाक सुरू असलं की त्याला काही रेकॉर्ड करता येत नसे, म्हणून ती डबा खायला बसली की हा यंत्र लावायचा आणि तिला म्हणायचा, "ताई, जरा हळू चाव." ताई मुद्दाम काकडी खायची. माझी ती जागा रोज पुढेमागे घासली जाऊन झिजली. बाईच्या 'हं'भोवती आधी भुरभुर आली, मग खरखर. एका माणसाचा श्वास असा रोज थोडाथोडा पुसला जात होता आणि हा त्याला रियाज म्हणत होता.

पण अल्बम तयार झाला, हे खरं आहे आणि खोटं मी बोलणार नाही. अकरा गाण्यांपैकी सहांत माझी ती जागा होती. कुठे संथ केलेली, कुठे उलटी, कुठे चिरून पसरलेली. पहिल्या गाण्याचं नाव त्यानं 'बिननावाची' ठेवलं. ते ऐकून ताई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिली.

"कोण बिननावाची?"

"ही तबकडी. लेबल नाही ना हिला."

"नाही कसं? माझ्याच बादलीत खरवडलंस की," ताई म्हणाली. "स्वतः पुसायचं आणि वर गाणं करायचं. बरा आहेस."

मित्रांनो, त्या घरात शहाणं माणूस एकच होतं, आणि ते चष्मे विकत होतं.

मग अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या वकीलबाईंचा फोन आला. गाण्यातला आवाज कुणाचा आहे? नाव हवं, त्या व्यक्तीची लेखी परवानगी हवी. ती नसेल तर ही सहा गाणी वगळा, आणि सहा वगळली तर अल्बम उरत नाही. खरखऱ्या फोन ठेवून माझ्याकडे बघत बसला. मी गुळगुळीत टक्कल घेऊन त्याच्यासमोर पडले होते. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तो भंगारवाल्याकडे गेला. दुकानाच्या जागी आता फरशा विकत होते. मग नाक मुठीत धरून नकल्याला फोन केला.

"तू तेव्हा लेबल वाचलं होतंस ना?"

"वाचलं होतं," नकल्या म्हणाला. "विसरलो. आणि आठवलं असतं तरी तुला सांगितलं असतं, असं का वाटतं तुला?"

चार दिवस तो न जेवल्यासारखा फिरला. पाचव्या दिवशी ताईनं मला त्याच्या हातातून ओढून घेतलं, दुकानाच्या खिडकीशी नेलं आणि डोळ्याला भिंग लावून कडेनं तपासायला लागली. ती रोज काचेवरचे चरे बघते, त्यामुळे तिला वेळ लागला नाही.

"इथे आकडा कोरलाय," ती म्हणाली. "सहा अंक आणि एक अक्षर. सात वर्षं तुझ्या नाकासमोर होता."

"मी फक्त त्या दोन फेऱ्या बघतो, ताई."

"ते दिसतंच आहे."

त्या आकड्यावरून माझी कंपनी कळली. कंपनी कधीच बंद झालेली, पण तिच्या नोंदवह्या एका संग्रहालयात होत्या. तिथल्या कारकुनानं पान शोधून फोनवर वाचून दाखवलं. गाणाऱ्या बाईचं पूर्ण नाव, तारीख, आणि नोकरी, टेलिफोन केंद्र. मोरीत गेलेलं नाव मला सात वर्षांनी पुन्हा ऐकू आलं. ते नाव मी तुम्हाला इथे सांगणार नाही. ज्या जागी छापायचं, तिथे ते आता छापलेलं आहे. तिथे जाऊन वाचा, थोडे कष्ट तुम्हीही घ्या.

टेलिफोन केंद्रातल्या निवृत्त लोकांच्या यादीत पत्ता मिळाला. दुपारी चारच्या सुमाराला बहीणभाऊ तिच्या दारात उभे राहिले. चौथा मजला होता, लिफ्ट बंद होती, मी पिशवीत होते आणि एक छोटा रेकॉर्ड प्लेअर ताईच्या काखेत होता. दार एका उंच, सडपातळ म्हातारीनं उघडलं.

"मावशी," खरखऱ्या धापा टाकत म्हणाला, "तुमचं एक गाणं..."

"मी तुझी मावशी नाही. काम सांग."

त्यानं सांगितलं. दारातच उभा राहून, अडखळत, अल्बमपासून वकीलबाईंपर्यंत सगळं. तिला आनंद होईल, अशी त्याची समजूत होती. ताईला तसं वाटत नव्हतं. म्हातारीनं मला पिशवीतून काढलं आणि माझ्या मधोमध बोट फिरवलं.

"हिचं टक्कल कुणी केलं?"

"मी," खरखऱ्या म्हणाला. "दुसऱ्यांना कळू नये म्हणून."

"काय कळू नये? मी?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, आता हिनं याला जिन्यावरून खाली पाठवावं. तिनं त्यांना आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही.

आधी त्यानं आपलं गाणं फोनवर ऐकवलं. ती हात बांधून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "माझं लाव. पहिल्यापासून."

सुई माझ्यावर टेकली. खरखऱ्यानं ते गाणं तेव्हा पहिल्यांदा सलग ऐकलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं आणि मग ती जागा. तिथे माझी दशा तुम्हाला सांगितलीच आहे. सगळी खरखर, आतून कुठेतरी ड्रम, आणि बाईचं 'हं' जवळजवळ नाहीच. मग तिसरं कडवं आलं, स्वच्छ, जसं होतं तसं. खरखऱ्यानं मान खाली घातली.

"तू नेमकी ही जागा उचललीस," म्हातारी म्हणाली. "एवढ्या गाण्यात तुला हीच सापडली. इथे मी शब्द विसरले होते."

मीही हे पहिल्यांदाच ऐकत होते.

"हात वर केला मी, थांबवा म्हणून. बाकीचे थांबले. हा ड्रमवर बसलेला एकटा थांबला नाही. माझ्याकडे बघत वाजवत राहिला, मला शब्द आठवेपर्यंत. मी नुसतं हं हं करत उभी. नंतर म्हटलं, पुन्हा घेऊ. तर कंपनीवाले म्हणाले, मागच्या बाजूला आहे, कोण ऐकतंय. लाजेनं मी परत कधी तिथे गेले नाही. आणि तू ते सहा गाण्यांत वाजवतोस."

"पण मावशी... बाई, ते फार सुंदर आहे," खरखऱ्या म्हणाला.

"आहे ना. पण ते माझं कुठे आहे? ते त्याचं आहे. त्याचं नाव आधी छाप, मग माझं. तरच सही करेन."

"चालेल," खरखऱ्या चटकन म्हणाला आणि खिशातून पेन काढलं. "त्यांचं नाव काय?"

म्हातारीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ती खिडकीकडे बघायला लागली. ताईनं प्लेअरचं झाकण लावलं.

"नेहमीचा माणूस आजारी होता," ती शेवटी म्हणाली. "हा त्या एका दुपारसाठी आला होता. आम्ही त्याला ड्रमवाले म्हणत होतो."

खरखऱ्यानं तिथूनच संग्रहालयाला फोन लावला. कारकुनानं तेच पान पुन्हा काढलं. गायिकेच्या नावाखाली लिहिलं होतं, वादक, चार. बस्स.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली, हे कबूल करते. ज्या लेबलासाठी मी सात वर्षं एका माणसाचा राग केला, त्या लेबलावर तो दुसरा माणूस कधी नव्हताच. खरखऱ्यानं बाईचं नाव खरवडलं. ड्रमवाल्याचं खरवडायला कुणी लिहिलंच नव्हतं. आणि मी त्या लेबलाचा मान मिरवत होते.

म्हातारीचा आवाज आणखी कोरडा झाला. "शोध," ती म्हणाली. "नाहीच सापडला तर जागा रिकामी ठेव. पण वरची जागा त्याची. माझं नाव त्याच्या वर दिसलं, तर कोर्टात भेटू." सही करताना तिनं कागद असा दाबला की पेन आरपार गेलं. दोघं दारातून बाहेर पडताना ती खरखऱ्याला नाही, ताईला म्हणाली, "याला कडवी पाठ करायला लाव."

तीन महिने खरखऱ्या शोधत होता. कंपनी भडकली, तारीख गेली, वकीलबाईंनी फोन घेणं सोडलं. म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन तो त्या दोन फेऱ्या वाजवून दाखवायचा. कुणी म्हणालं, हात ओळखीचा वाटतो. कुणी तीन वेगवेगळी नावं सांगितली आणि तिन्ही माणसं त्या वर्षी दुसऱ्या गावी होती. एकानं तर हे मीच वाजवलंय असं ठोकून दिलं, आणि ताईनं वय विचारलं तेव्हा विषय बदलला. नाव सापडलं नाही.

शेवटी अल्बमची तीनशे कव्हरं छापायला गेली. पहिल्या गाण्याखाली आधी 'ड्रम' असं लिहून पुढे रिकामी जागा, त्याखाली बाईचं नाव. छापखान्यातल्या माणसाला वाटलं, ही चूक राहिली आहे. त्यानं ती अर्धवट ओळ काढून टाकली आणि बाईचं नाव वर सरकवलं, आपण उपकार केले अशा समजुतीनं. गठ्ठे दुकानात आले. खरखऱ्यानं एक कव्हर उघडलं आणि ते ताईपुढे धरलं.

ताई ओरडली नाही. तिनं दुकानाची पाटी 'बंद' अशी फिरवली, काचांवर खुणा करायचं बारीक टोकाचं पेन काढलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं. दोन दिवस दोघं समोरासमोर बसून बाईच्या नावाच्या वर, हातानं, एकेका कव्हरवर लिहीत होते. 'ड्रम' आणि पुढे एक लांब रेघ. खरखऱ्याची रेघ शंभराव्या कव्हरापर्यंत वाकडी येत होती. मग सरळ यायला लागली.

अल्बमबद्दल लोक चांगलं बोलतात. एका मासिकानं लिहिलं की ही रेघ म्हणजे कलाकाराची खास शैली आहे. नकल्यानं आपल्या पुढच्या अल्बमवर तशीच रेघ ओढली, कशासाठी ते न विचारता.

मी आता दुकानातल्या फळीवर असते. मला नवं गोल लेबल आहे, ताईच्या अक्षरातलं, तशाच दोन ओळींचं. खरखऱ्याला मी माफ केलेलं नाही. तो मला अजून घासतो, पण आधी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत लावतो, आणि तिसरं कडवं त्याला पाठ झालं आहे. वाईट गातो.

त्या दुपारचं सगळं माझ्याजवळ आहे. ड्रमवाल्याचा डावा हात उजव्यापेक्षा हलका पडतो. दुसऱ्या फेरीत तो एकदा घसा खाकरतो. त्याची खुर्ची करकरते. बाई अडखळते तेव्हा तो ठोका जरा हळू करतो, तिला वेळ मिळावा म्हणून. हे सगळं माझ्या अंगावर कोरलेलं आहे. नाव मात्र त्या खोलीत कुणी त्याला विचारलंच नाही, म्हणून ते माझ्याकडे नाही.

तेव्हा मित्रांनो, आता उठा. तुमच्या घरात, शाळेत, कुठेही कुणी गात असेल, तर मागे बसून वाजवणाऱ्यापाशी जा आणि त्याला पूर्ण नाव विचारा. कागदावर लिहा, पेन्सिलीनं चालेल. आजच विचारा. तो फक्त एका दुपारसाठी आलेला असतो.